आमच्या देवीचा सरकारी कारभारी

रिसोडच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायचे. शिकवायचे म्हणजे आठवड्यातले दोन तास, आणि परीक्षा जवळ आली की तेही गणिताच्या बाई मागून घ्यायच्या. मूलभूत हक्कांचा धडा आला की मी फळ्यावर धर्मस्वातंत्र्याची कलमं लिहायचे आणि मुली ती वहीत उतरवून घ्यायच्या. त्यावर एक प्रश्न हमखास यायचा. पाठ केलेलं उत्तर लिहिलं की पूर्ण मार्क मिळायचे. निवृत्त झाल्यावर ती कलमं माझ्या ओट्यावर येऊन बसतील असं काही मला वाटलं नव्हतं.

आमच्या गावाची देवी टेकडीवर आहे. टेकडी म्हणजे फार उंच नाही, पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरतात इतकीच. देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या एका गुरवाच्या घराकडे आहे. बाकीचा कारभार, म्हणजे देवीचा चांदीचा मुखवटा, स्वयंपाकाची मोठी भांडी, सभामंडप, पाण्याची टाकी, हे सगळं ट्रस्टकडे. ट्रस्ट धर्मादाय कार्यालयात नोंदवलेला, पण गावाच्या लेखी ट्रस्ट म्हणजे आमचे जुने अध्यक्ष. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. कोणाच्या घरून यात्रेला लाकडं येतात, भंडाऱ्याला वांगी कोण देतो, पालखीला पुढे कोण. बाकीचे विश्वस्त एकेक करून वारले, दोघे पुण्याला मुलांकडे गेले. त्यांच्या जागी नवी नावं नोंदवायची कोणाला आठवण झाली नाही. अध्यक्ष गेले तेव्हा गावाच्या लक्षात आलं की आता ट्रस्टमध्ये कोणीच नाही.

मग दोन बैठका झाल्या. एक माझ्या धाकट्या दिरांनी घेतली, दुसरी चौकातल्या कृषी केंद्राच्या मालकांनी. दोन्ही बैठकांत एकमताने अध्यक्ष निवडला गेला. माझ्या दिरांनी भांडाराच्या खोलीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रवाल्यांनी त्याच कडीला आपलं कुलूप लावलं. पुढे चैत्रातली यात्रा आली, तेव्हा दोघांपैकी कोणीच आपलं कुलूप आधी काढायला तयार होईना. मुखवटा आत राहिला. देवीला नुसता शेंदूर लावून आणि साडी नेसवून यात्रा पार पडली. माहेरी आलेल्या मुली पायऱ्या उतरताना मागे वळून गाभाऱ्याकडे बघत होत्या. ओटी भरून आले तेव्हा माझंही मन थाऱ्यावर नव्हतं.

दोन्ही बाजू वाशिमच्या कार्यालयात गेल्या. तिथे तारखा पडायला लागल्या. पावसाळ्यात केव्हातरी आदेश निघाला, की ट्रस्टची निवडणूक होईपर्यंत मंदिराची व्यवस्था कार्यालयाच्या निरीक्षकाकडे राहील. आदेश सभामंडपाच्या खांबावर चिकटवला गेला आणि गावभर एकच वाक्य फिरलं, की सरकारनं देवी ताब्यात घेतली.

त्या आदेशात निरीक्षकांचं आडनाव होतं.

संध्याकाळी दीर आमच्याकडे आले. माझे यजमान शेतातून यायचे होते. दीर चुलीपाशी पाट ओढून बसले. मी चहा ठेवला.

“वहिनी, तो निरीक्षक बौद्ध हाय,” ते म्हणाले.

“असेल. मग?”

“मंग काय? देवीच्या भांडाराची चावी त्याच्यापाशी राहीन. असं कसं चालन? ज्याचा देवीवर इस्वास नाई, त्यानं देवीचा कारभार पाहाचा. तुमी शाळेत शिकवत होत्या ना ते, आपल्या धर्माचा कारभार आपण कराचा हक्क? मले एक अर्ज लिहून द्या.”

मी लगेच नाही म्हटलं नाही. दिरांना मी लग्न होऊन आल्यापासून ओळखते. गावातल्या बौद्ध घरांतल्या माणसांशी ते वाईट वागलेले मी पाहिले नव्हते. सोंगणीला एकमेकांच्या शेतात जाणारी माणसं आम्ही. पण त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि मलाच त्या नीट वेगळ्या करता येत नव्हत्या. एक जुनी शिवाशिव होती, तिला ते नाव द्यायला तयार नव्हते. आणि दुसरा एक खरा प्रश्न होता. बुद्धविहाराची चावी एखाद्या देवीभक्त अधिकाऱ्याकडे दिली असती, तर तिथल्या लोकांना कसं वाटलं असतं?

“अर्ज लिहिते,” मी म्हटलं. “पण माणसाला आधी एकदा भेटू तर द्या.”

माणूस दोन दिवसांनी आला. दुपारी एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत. पन्नाशीचा, सावळा, खांद्याला कापडी पिशवी, डोक्याला रुमाल. गावातला कोणी त्यांना घरी बोलवेना. देवळाखालच्या लिंबाखाली ते बसले होते. मी यजमानांना म्हटलं, घेऊन या. ते आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले. थोड्या वेळाने दीर आले आणि त्यांच्या मागोमाग, नुसतं बघायला म्हणून, कृषी केंद्रवालेही आले. चैत्रापासून हे दोघे एका ओट्यावर बसले नव्हते.

निरीक्षक साहेबांनी कोणी विचारायच्या आधीच विषय काढला.

“मी कामरगावचा. आमचे आजोबा छप्पनच्या धम्मदीक्षेतले. तुमच्या मनात काय असंन ते मले समजते. मी ऑफिसात म्हटलं होतं, दुसऱ्या कोणाले पाठवा. दुसरा माणूस नाई. तुमाले हरकत घ्याची असंन तर घ्या, तो तुमचा हक्क हाय. अर्ज कोणाच्या नावानं कराचा तेही सांगतो.”

दीर माझ्याकडे पाहायला लागले. मी पदर सावरत बसले.

“पण माझं काम काय हाय ते आधी ऐका,” साहेब पुढे म्हणाले. “मी कुलपासाठी आलो, देवीसाठी नाई. खोली, भांडी, टाकी, लाईट, ट्रस्टची निवडणूक, हे माझं. पूजा कशी कराची, कोणी कराची, निवद काय दाखवाचा, त्यात मी बोलणार नाई. मले बोलाचा अधिकारच नाई. मी हिंदू असतो तरी नसता.”

मी वर्गात सव्विसावं कलम कितीदा वाचलं असेल. त्यात धर्माच्या बाबतीतला कारभार एका ओळीत आहे आणि मालमत्तेचा कारभार दुसऱ्या ओळीत. दुसऱ्या ओळीला ‘कायद्यानुसार’ असा शब्द जोडलेला आहे, पहिलीला नाही. मुली तो शब्द लिहायला विसरल्या तर मी अर्धा मार्क कापायचे. तो शब्द तिथे कशासाठी आहे हे मला आमच्या ओट्यावर कळलं.

कृषी केंद्रवाल्यांनी विचारलं, “आन्‌ सरकार किती दिवस राहीन आमच्या देवळात?”

“तुमी दोघं जितके दिवस भांडान तितके दिवस.”

कोणी हसलं नाही. पण यजमान चहाच्या बश्या उचलायच्या निमित्ताने आत गेले, ते हसायलाच गेले असं मला वाटलं. अर्ज काही लिहिला गेला नाही. दिरांनी परत मागितला नाही आणि मी आठवण करून दिली नाही.

नवरात्र आलं ते ऐन सोयाबीनच्या दिवसांत. शेतात मळणीयंत्रं चाललेली, माणसं कामाला मिळत नव्हती, तरी घटस्थापनेच्या सकाळी अर्धं गाव टेकडीवर होतं. साहेब पहिल्या एसटीनं आले. त्यांनी दोघांनाही आपापली चावी आणायला सांगितलं होतं. दोघांनी आपापलं कुलूप काढलं, अगदी एकाच वेळी, कारण आधी कोणी काढायचं यावर बोलणं झालं नव्हतं आणि साहेबांनी ते होऊही दिलं नाही. दार उघडलं. आत उंदरांचा वास, उभी करून ठेवलेली कढई, आणि कोनाड्यात लाल फडक्यात बांधलेला मुखवटा.

सगळे साहेबांकडे बघत उभे. ते उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

“गुरवकाका, तुमी घ्या,” ते म्हणाले.

आमचे गुरवकाका सत्तरीच्या पुढचे, पाठीतून वाकलेले. त्यांनी आत जाऊन गाठोडं उचललं, कपाळाला लावलं. बाहेर येताना ते साहेबांसमोर थांबले.

“साहेब, आत या ना. देवी कोणाले नाई म्हणत नाई.”

“मले ठाऊक हाय, काका. मी बाहेरच बरा हाय. मले कोणी अडवलं म्हणून नाई. माझा मार्ग वेगळा हाय म्हणून.”

काकांनी मान हलवली आणि गाभाऱ्यात गेले. त्या दिवशी मुखवटा चढवलेली देवी पाहून माझ्या शेजारी उभी असलेली जाऊ पदरानं डोळे पुसत होती. मीही पुसले. सहा महिन्यांनी आपलं माणूस दवाखान्यातून घरी यावं तसं झालं होतं.

दसऱ्याला पालखीचा प्रश्न आला. पालखीच्या दांड्याला पुढे कोण लागणार? जुने अध्यक्ष असताना त्यांनी बोट दाखवायचं आणि माणसानं खांदा द्यायचा. आता दोन्ही बाजूंची माणसं पायऱ्यांच्या तोंडाशी उभी, पालखी फुलांनी सजवून मध्ये ठेवलेली, ढोलवाले कंटाळून बसलेले. शेवटी दोन्हीकडचे साहेबांकडे गेले. ते खाली लिंबाखाली होते.

“तुमी सांगा साहेब, तुमी सांगान ते आमी ऐकू.”

“मी आज सांगितलं, तर उद्या तुमीच म्हणान की सरकारनं पालखीत हात घातला,” ते म्हणाले. “आन्‌ ते बरोबरच म्हणान. हे मी नाई सांगणार.”

इतके दिवस सरकारने देवळात येऊ नये म्हणणारी माणसं आता सरकारनं तोंड उघडावं म्हणून विनवत होती. साहेब लिंबाखालून हलले नाहीत. ऊन उतरत चाललं. बायका म्हणायला लागल्या, सोनं लुटायचं कधी?

गुरवकाका सगळं ऐकत होते. ते उठले आणि वाकलेल्या पाठीनं पालखीच्या पुढच्या दांड्याला एकटेच जाऊन लागले. “मी तं निंगालो,” ते म्हणाले. “कोण येते?”

म्हातारा माणूस दांडा उचलतोय म्हटल्यावर जो जवळ होता तो धावला. मान, क्रम, कोणालाच आठवला नाही. पालखी उठली तेव्हा मागच्या दांड्याला एकीकडे माझे दीर होते आणि दुसरीकडे कृषी केंद्रवाले. पायऱ्या उतरताना दोघांना एकमेकांच्या पावलाकडे बघूनच पाऊल टाकावं लागत होतं. “हळू, हळू, डावा पाय,” असं कृषी केंद्रवाले म्हणत होते आणि दीर ऐकत होते. देवीसाठी ऐकत होते, पण ऐकत होते.

दिवाळीनंतर शहरातून तीन-चार तरुण गाडी घेऊन आले. मंदिरं सरकारच्या ताब्यातून सोडवा, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यासाठी त्यांना गावाच्या सह्या हव्या होत्या. पोरं चांगली होती, बोलायला नम्र. त्यांनी सभामंडपात बैठक घेतली. सरकारनं फक्त हिंदूंच्याच देवळात का घुसावं, असा त्यांचा प्रश्न होता. टाळ्याही पडल्या.

साहेब त्या दिवशी टाकीच्या दुरुस्तीसाठी आलेले होते. कोणीतरी त्यांनाच विचारलं.

“हा जो ट्रस्टचा कायदा हाय, तो सगळ्यांच्या ट्रस्टले हाय,” ते म्हणाले. “आमच्या विहाराचाही ट्रस्ट हाय. तिथंही एकदा दोन गट झाले, तेव्हा आमच्याकडंही निरीक्षक आला होता. तो तं दर मंगळवारी उपास कराचा.” आणि लगेच पुढे म्हणाले, “पण मोठ्या देवस्थानांचे कायदे वेगळे हायेत. तिथं सरकार वरून माणसं नेमते. त्याबद्दल ही पोरं बोलून राह्यली, ते काही खोटं नाई.”

मला ते आवडलं. स्वतःच्या नोकरीची बाजू घ्यायची म्हणून त्यांनी समोरच्याचं खरं नाकारलं नाही.

त्या तरुणांतला एक नंतर माझ्याशेजारी येऊन बसला. मी नागरिकशास्त्राची शिक्षिका होते हे त्याला कोणी सांगितलं असावं. “काकू, तुम्हाला नाही वाटत, देवळं भक्तांची असावीत?”

“वाटतं ना,” मी म्हटलं. “भक्तांचीच आहेत. आमच्याकडे भक्तांनी दोन कुलपं लावली म्हणून तिसरा माणूस आला. तो आला ते बरं झालं, आणि तो जाईल तेही बरं होईल. तो राहायलाच लागला, तर मी तुमच्या कागदावर पहिली सही करेन.”

तो हसला. त्यानं माझ्या हातचा चहा घेतला. काही जणांनी सह्या केल्या, काहींनी नाही, आणि ज्यांनी केल्या त्यांच्याशी साहेब आधीसारखेच बोलत राहिले. कृषी केंद्रवाले सही करतील असं मला वाटलं होतं. ते कागद हातात घेऊन म्हणाले, “हे ठीक हाय, पण आमची निवडणूक कधी होते ते पाहू आधी.” तेव्हा मला समजलं की गाव आता घरी परतायच्या रस्त्याला लागलं आहे.

निवडणुकीची बोलणी थंडीभर चालली. ट्रस्टची जुनी नियमावली काढली, तीत बदल सुचवले. विश्वस्त वारला तर त्याच्या जागी नवा कसा घ्यायचा, गावाची सभा वर्षातून केव्हा भरवायची, असल्या साध्या गोष्टी. बायका विश्वस्त असाव्यात ही सूचना कोणाची, यावर आजही दोन मतं आहेत. दीर म्हणतात आमची, कृषी केंद्रवालेही म्हणतात आमची. खरं तर ती गुरवकाकांच्या सुनेनं सभेत मागच्या बाजूनं केली होती. “भांडी आमी घासतो, सडा आमी टाकतो, मंग आमाले काहून नाई?” एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली. सूचना मंजूर झाली. ती आणि मी, दोघी विश्वस्त झालो. दीर आणि कृषी केंद्रवाले दोघंही झाले. अध्यक्ष मात्र दोघांपैकी कोणीच नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर झाले, ज्यांचं कोणाशी वाकडं नव्हतं.

चैत्राच्या यात्रेआधी साहेबांनी आमच्या हाती चाव्या दिल्या. त्यांना जेवूनच जायचं असं गावानं सांगितलं होतं. भंडाऱ्याला रोडग्यांचा बेत होता. पहाटेपासून पायथ्याशी गोवऱ्या रचून पेटवलेल्या, त्यांच्या निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे, शेजारी वांग्याची भाजी आणि वरण रटरटत होतं. तिकडे रस्त्यानं पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या झेंडे लावून चाललेल्या.

साहेब त्या दिवशी एकटे आले नाहीत, त्यांची आई सोबत होती. ऐंशीच्या घरातली, ताठ, बारीक किनारीची सुती साडी. “आईले पाहाचं होतं मी कुठं येऊन राह्यलो ते,” साहेब म्हणाले. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला.

“जय भीम,” त्या म्हणाल्या.

“जय भीम, आई. या, सावलीत बसा.”

लिंबाखाली सतरंजी टाकली. त्यांनी वर टेकडीकडे पाहिलं, पायऱ्यांवरच्या गर्दीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून सरळ म्हणाल्या, “बाई, एक सांगून ठेवतो. मी जेवीन. पण वर जाणार नाई आन्‌ हात जोडणार नाई. माझ्या बापानं सोडलं, मी पण सोडलं.”

“कोण म्हणतं जोडा?” मी म्हटलं. “भूक लागली ना? मग झालं.”

“तुमच्यासाठी तो प्रसाद हाय. माझ्यासाठी रोडगा.”

“गरम आहे तोवर खा.”

त्या हसल्या. पुढचे दात नव्हते, तरी हसणं छान होतं. गुरवकाकांची सून ताटं घेऊन आली, आणि मीही त्यांच्यासोबत बसले. रोडगा फोडून त्यावर तूप घालायचं, तर त्यांनी अगोदर माझ्या ताटात घातलं. लहानपणी त्यांच्या गावच्या देवळात पायरीच्या खालून लांबून पाहावं लागायचं, असं त्यांनी जेवता जेवता सांगितलं. तक्रार म्हणून नाही, आमचं घर पूर्वी कुठे होतं हे सांगावं तसं. मग भाजीत कारळाचं कूट घातलंय का, ते विचारलं. घातलं होतं. आमच्याकडे तीळ घालतात, त्या म्हणाल्या. त्यावर आमची बरीच चर्चा झाली.

पंगतीत तूप वाढत दीर आले. आईंच्या ताटापाशी वाकले. “आई, अजून एक रोडगा?”

“अर्धा दे, बापू.”

दिरांनी अख्खा वाढला. आईंनी अर्धा मोडून साहेबांच्या ताटात टाकला आणि साहेबांनी तो निमूट खाल्ला.

मी सव्विसाव्या कलमाचाच विचार केला होता. पंचविसावं त्या सतरंजीवर बसलेलं होतं. देवी मानण्याचं स्वातंत्र्य माझं, न मानण्याचं आईंचं, आणि दोघींच्या ताटात एकच वांग्याची भाजी. वर्गात हे सांगितलं असतं तर मुलींना चार ओळी जास्त लिहाव्या लागल्या असत्या.

ऊन कलल्यावर आम्ही त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. कृषी केंद्रवाल्यांनी आपली गाडी काढली होती. साहेब म्हणाले, आता परत यायचं काम पडू देऊ नका. “पाहुणे म्हणून या,” यजमान म्हणाले. आई एसटीत चढताना हात हलवत होत्या. एसटीत गर्दी होती, पण कोणीतरी त्यांना जागा दिली हे खिडकीतून दिसलं.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही विश्वस्तांनी काय केलं असं कोणी विचारलं, तर सांगण्यासारखं मोठं काही नाही. पायऱ्यांना एका बाजूनं लोखंडी कठडा लावला. टाकीचं पाणी वरपर्यंत चढतं. हिशेब दरवर्षी सभेत वाचून दाखवतो, आणि कार्यालयात जे पाठवायचं ते वेळेवर पाठवतो. गुरवकाका आता खालीच बसतात, पूजा त्यांचा मुलगा करतो. भोंगा किती मोठा लावावा यावर एक बैठक आणि सभामंडपाला पत्रे घालावे की स्लॅब, यावर पाच बैठका झाल्या.

सहावी आज आमच्याच ओट्यावर चालू आहे. दीर स्लॅबच्या बाजूचे, कृषी केंद्रवाले पत्र्याच्या. आवाज चांगलेच चढलेले आहेत. गुरवकाकांची सून मधून मधून दोघांनाही गप्प करते आहे. यजमान आतून विचारायला आले, की चहा किती जणांचा. मी म्हटलं, सगळ्यांचाच ठेवा, हे काही लवकर उठत नाहीत.